विश्लेषण : ‘अपोलो’ला आगीनंतर सावरणारे जॉर्ज लो कोण होते?

२७ जानेवारी १९६७ रोजी फ्लोरिडातील उड्डाणतळावर सराव सुरू असताना ‘अपोलो-१’च्या कुपीत आग लागली. गस ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चाफी या तीन अंतराळवीरांचा मृत्यू झाला. दशक संपण्याआधी चंद्रावर माणूस उतरवण्याचे अमेरिकेचे उद्दिष्ट धोक्यात आले. यान नव्याने उभे करण्याची जबाबदारी ‘नासा’ने जॉर्ज लो यांच्यावर सोपवली.

‘नासा’त कसे आले?

लो यांचा जन्म १९२६ मध्ये ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ झाला. जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यानंतर कुटुंबाने देश सोडला आणि १९४० मध्ये अमेरिका गाठली. लष्करी सेवेनंतर त्यांनी विमानशास्त्रात पदवी घेतली. १९४९ मध्ये ते ‘नासा’ची पूर्वसुरी असलेल्या ‘नाका’ संस्थेत अभियंता म्हणून रुजू झाले. १९५८ मध्ये ‘नासा’ स्थापन झाल्यावर मानवी उड्डाणांचा विभाग त्यांच्याकडे आला. माणूस चंद्रावर उतरवणे शक्य आहे, असा अहवाल त्यांच्या समितीने १९६१ च्या सुरुवातीलाच दिला होता. त्याच वर्षी मे महिन्यात अध्यक्ष केनेडी यांनी चांद्रमोहिमेची घोषणा केली.

आगीनंतर काय बदलले?

त्या वेळी लो ह्यूस्टन केंद्राचे उपसंचालक होते. यान प्रकल्पाचे व्यवस्थापक होणे म्हणजे कागदोपत्री एक पायरी खाली उतरणे. तरीही एप्रिल १९६७ मध्ये त्यांनी ते पद स्वीकारले. आतल्या बाजूला उघडणारे आणि वेळ खाणारे दार जाऊन काही सेकंदांत बाहेर उघडणारे दार आले. पेट घेणारे साहित्य हटवण्यात आले. उड्डाणतळावर कुपीत शुद्ध ऑक्सिजनऐवजी ऑक्सिजन-नायट्रोजनचे मिश्रण वापरायचे ठरले.

मात्र प्रत्येक दुरुस्तीतून नवा दोष शिरण्याची भीती होती. त्यासाठी लो यांनी बदल नियंत्रण मंडळ नेमले. अंतिम निर्णय त्यांचा असे. जून १९६७ ते जुलै १९६९ या काळात मंडळाच्या ९० बैठका झाल्या. १,६९७ बदल तपासले गेले, त्यांपैकी १,३४१ मंजूर झाले.

सर्वात धाडसी निर्णय कोणता?

१९६८ च्या उन्हाळ्यात चंद्रावर उतरणारे यान रखडले. त्याची वाट पाहिली असती, तर मुदत हुकण्याची शक्यता होती. ऑगस्टमध्ये लो यांनी वेगळाच प्रस्ताव मांडला : उतरणाऱ्या यानाविनाच ‘अपोलो-८’ चंद्राभोवती पाठवायचे. जोखीम मोठी होती, कारण चंद्राजवळ मुख्य इंजिन बंद पडले असते तर परतीचा मार्ग उरला नसता. डिसेंबरमध्ये बोरमन, लव्हेल आणि अँडर्स चंद्राला दहा प्रदक्षिणा घालून सुखरूप परतले. सात महिन्यांनी ‘अपोलो-११’ चंद्रावर उतरले.

पुढे काय झाले?

डिसेंबर १९६९ मध्ये लो ‘नासा’चे उपप्रशासक झाले. १९७०-७१ मध्ये काही महिने प्रभारी प्रमुखपदही त्यांच्याकडे होते. अवकाश शटलचा पाया त्यांच्या काळात घातला गेला. शीतयुद्धातही सोव्हिएत संघाशी वाटाघाटी करून त्यांनी १९७५ च्या ‘अपोलो-सोयुझ’ मोहिमेचा मार्ग मोकळा केला. १९७६ मध्ये ‘नासा’ सोडून ते आपल्याच जुन्या रेन्सेलर संस्थेचे अध्यक्ष झाले. १७ जुलै १९८४ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. साडेपाच वर्षांनी, जानेवारी १९९० मध्ये, त्यांचे पुत्र डेव्हिड लो शटलमधून अवकाशात गेले.