नटसम्राट बालगंधर्व आणि आपली भजनी मंडळे

थोर पुरुषांची चरित्रे आपण बहुधा त्यांच्या मानसन्मानांच्या अंगाने वाचतो. परंतु एखाद्या कलावंताची विद्या, ज्यांनी त्यास कधी डोळ्यांनी पाहिलेही नाही अशा खेड्यातील माणसांच्या गळ्यात आणि बोटांत कशी उतरली, हे पाहणेही तितकेच बोधप्रद असते. नटसम्राट बालगंधर्व यांचे चरित्र या दृष्टीने सातारा-सांगलीकडील वाचकांस विशेष जवळचे वाटावे.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म 26 जून 1888 रोजी झाला. राजहंस घराण्याचे गाव कृष्णाकाठचे नागठाणे. सातारा तालुक्यातील नागठाणे ते निराळे. हे आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात मोडते, आणि त्या काळी सातारा जिल्ह्यातच होते. 1949 साली सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला व 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणून बालगंधर्व आपले, हे म्हणण्याचा अधिकार दोन्ही जिल्ह्यांस सारखाच आहे.

लहानग्या नारायणाचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यास बालगंधर्व ही पदवी दिली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पुढे राजर्षी शाहू छत्रपतींच्या आश्रयाने कानाच्या उपचारासाठी तो मिरजेस आला, आणि तेथेच 1905 साली किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाला. त्याची पहिली भूमिका शाकुंतल नाटकातील शकुंतलेची. ज्या मिरजेत तंबोरे व सतारी घडविण्याचा धंदा पिढ्यान् पिढ्या चालत आला, त्याच मिरजेत मराठी रंगभूमीचा हा गळा प्रथम ऐकू आला, हा योग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

12 मार्च 1911 रोजी मुंबईत ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची कन्या निवर्तली. तरीही जमलेल्या प्रेक्षकांचा विरस होऊ नये म्हणून त्यांनी भामिनीची भूमिका केली. 1913 साली गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. 1916 मध्ये ‘स्वयंवर’ आले व त्यातील रुक्मिणी घरोघरी पोचली. त्या पदांच्या चाली गायनाचार्य भास्करबुवा बखले यांच्या. 1919 साली ‘एकच प्याला’ नाटकातील सिंधूने महाराष्ट्रास रडविले. साथीला कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवा यांचा तबला असे. अशी साथ राजदरबारीही विरळाच.

नाटक मात्र ज्या गावी होई त्या गावीच दिसे. भरजरी वस्त्रे, अत्तराचा घमघमाट आणि वन्समोअरने रात्रभर लांबणारे प्रयोग हे वैभव शहरांचे. खेड्यातील शेतकऱ्यास आणि बलुतेदारास ते कोठून मिळावे? ती उणीव तबकडीने भरून काढली. 1908 साली कलकत्त्यास ग्रामोफोन कंपनीचा कारखाना निघाल्यावर तबकड्या या देशातच तयार होऊ लागल्या. बालगंधर्वांची पदे तबकड्यांवर उतरली आणि चावीच्या यंत्रातून ती बाजारपेठांच्या गावी व तेथून वाड्यावस्त्यांवर गेली. प्रारंभी गायकास भोंग्यासमोर उभे राहून मोठ्याने गावे लागे. 1925 नंतर विद्युत् साधने आली व आवाजातील बारकावे अधिक स्पष्ट उमटू लागले. तबकडीच्या एका बाजूस साधारण तीन-साडेतीन मिनिटेच मिळत. रंगमंचावर अर्धा घटका रंगणारे पद तेवढ्यात बसवावे लागे. त्यामुळे पाल्हाळ गळाला आणि पदाचा गाभा शिल्लक राहिला. शिकणाऱ्याच्या दृष्टीने हा मोठाच लाभ झाला.

1931 साली आलेल्या ‘कान्होपात्रा’ नाटकाने तर हा गळा थेट वारकऱ्यांच्या अंगणात आणून सोडला. मास्तर कृष्णरावांच्या चालींवरील त्यातील संतांचे अभंग, विशेषतः चोखोबांचा जोहाराचा अभंग, भजनी मंडळांनी जणू घरचेच मानले. अभंग त्यांना पाठ होतेच. तबकडीने त्यांना चालीचा नवा डौल दिला.

शिक्षकी पेशात असताना या दोन जिल्ह्यांतील अनेक गावांची भजने ऐकण्याचा योग मला आला. जुन्या भजनी मंडळींच्या सांगण्यावरून तबकडीबरोबर वाजविण्याची त्यांची रीत ध्यानात आली. प्रथम यंत्राची गती किंचित कमीजास्त करून तबकडीचा सूर आपल्या पेटीच्या पट्टीशी जुळवावयाचा. गती फार वाढविली तर आवाज चिरका होतो व लयही धावते, म्हणून हे काम जाणत्याकडे असे. मग मृदंग्याने ठेका धरावयाचा, टाळकऱ्यांनी हलक्या हाताने टाळ वाजवावयाचे, आणि पेटीवाल्याने गळ्याच्या मागे मागे जावयाचे. बालगंधर्व लयीशी लडिवाळपणे खेळत. शब्द थोडा मागे ठेवीत आणि समेवर अचूक येत. अशा वेळी साथीदाराने घाई केली की फजिती ठरलेली. गाणारा थांबत नाही, चूक पोटात घालत नाही. तबकडीसारखा कठोर आणि तरीही न रागावणारा गुरू दुसरा नाही. तीच ओळ दहा वेळा ऐकावी, दहा वेळा चुकावे. तो पुन्हा तशीच गातो.

गुरूच्या घरी राहून विद्या घेण्याची ज्यांची ऐपत नव्हती, किंवा जातीच्या भिंतींमुळे ज्यांना दारातच अडविले गेले, त्यांनाही ही शाळा मोकळी होती. सनईवाल्यांनी आणि बँडवाल्यांनी हीच पदे उचलली व लग्नाच्या वरातीत वाजविली. ज्यांना नाट्यगृहाचे तिकीट कधी परवडले नाही, त्यांनी ती रस्त्याच्या कडेला उभे राहून ऐकली.

बालगंधर्वांचे पुढील आयुष्य सुखाचे गेले नाही. व्यवहाराकडे दुर्लक्ष आणि थाटाचा सोस यांमुळे मंडळी 1921 च्या सुमारास लाखावर रुपयांच्या कर्जात बुडाली. परंतु नादारीचा मार्ग न पत्करता नाटके करून त्यांनी ते कर्ज फेडले. त्याच वर्षी टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले यांच्यासह संयुक्त ‘मानापमान’चा प्रयोगही केला. बोलपट आल्यावर नाटक कंपन्यांचे दिवस फिरले. 1935 साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’ बोलपटात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. अस्पृश्यतेविरुद्धचा तो बोलपट त्या काळी धाडसाचाच होता. पण त्यांचे मन पडद्यात रमले नाही. त्यांची पदे त्यांच्याच ढंगाने गाणाऱ्या गोहरबाई कर्नाटकी पुढे त्यांच्या नाटकांत व जीवनातही सहभागी झाल्या आणि त्यावरून त्यांना लोकनिंदा सोसावी लागली. उतारवयात पाय अधू झाले. रंगमंच सुटला, भजन सुटले नाही. 1964 साली पद्मभूषण मिळाले व 15 जुलै 1967 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर त्यांच्या पश्चात 1968 साली खुले झाले. मिरजेतही त्यांच्या नावाचे नाट्यगृह आहे.

2011 साली त्यांच्या जीवनावर मराठी चित्रपट निघाला आणि आनंद भाटे यांच्या गळ्यातून ही पदे नव्या पिढीने ऐकली. आज तर जुन्या तबकड्यांवरील गाणी खिशातल्या दूरध्वनीवर मिळतात. तेव्हा साधनांची वाण राहिलेली नाही. चिंता आहे ती निराळीच. भजनाच्या फडावर पेटी आणि मृदंग बाजूला ठेवून मुद्रित वाद्यमेळ लावण्याची व त्यावर केवळ गळा चालविण्याची चाल पडू लागली आहे. तबकडीबरोबर वाजविणे ही तालीम होती. तबकडीकडून वाजवून घेणे ही तालीम नव्हे. पहिल्याने हात तयार होतो, दुसऱ्याने तो आळशी होतो. मृदंग्याचे घर एकदा बंद पडले की ते पुन्हा उघडत नाही, हे आपल्या गावांनी पाहिलेले आहे.

म्हणून समाजातील तरुणांस नम्र सूचना आहे. ज्यांच्या घरी जुन्या तबकड्या असतील त्यांनी त्या उभ्या रचून, उन्हापासून दूर जपून ठेवाव्यात, आणि जाणकारांकडून त्यांच्या प्रती करून घ्याव्यात. त्या ऐकत प्रथम तंतोतंत वाजवावे; नंतर यंत्र बंद करून तोच अभंग आपल्या माणसांसह वाजवावा. बालगंधर्वांच्या तीन मिनिटांत जे मावले नाही, ते एकादशीच्या रात्री आपल्या मंडळाने पुरे करावे. स्मारकांची देखभाल नगरपालिका करतील. त्यांचा सूर सांभाळण्याचे काम मात्र ज्याच्या त्याच्या गावाचे आहे.