ज्या कमरेवर त्याचा गोल्फ उभा होता तीच मोडली, पण १६ महिन्यांत बेन होगन पुन्हा चॅम्पियन झाला

गोल्फ पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हा हातांचा खेळ आहे. क्लब हातात, फटका हाताने, म्हणजे ताकदही हातातच असणार. पण साडेपाच फुटांपेक्षा थोडा उंच आणि अंगाने बारीक असलेल्या एका अमेरिकन खेळाडूने जगाला वेगळंच दाखवून दिलं. चेंडू लांब आणि सरळ जायचा असेल तर सुरुवात कमरेपासून करावी लागते.

त्याचं नाव बेन होगन. याच माणसाची कंबर एका अपघातात दोन ठिकाणी मोडली होती.

पेपर विकणारा पोरगा

बेनचा जन्म १३ ऑगस्ट १९१२ चा, अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या स्टीफनव्हिलचा. वडील चेस्टर लोहारकाम करायचे. बेन नऊ वर्षांचा असताना, १९२२ मध्ये वडिलांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. घरातला कमावता माणूस गेला. पोरांना कामाला लागावं लागलं आणि बेन फोर्ट वर्थच्या रेल्वे स्टेशनवर पेपर विकू लागला.

मग त्याला कळलं की ग्लेन गार्डन नावाच्या क्लबवर श्रीमंतांच्या गोल्फच्या बॅगा उचलल्या की पैसे मिळतात. अशी बॅग उचलणाऱ्याला कॅडी म्हणतात. बेन कॅडी झाला. गंमत म्हणजे त्याच क्लबवर त्याच्याच वयाचा दुसरा एक कॅडी होता, बायरन नेल्सन. पुढे दोघंही गोल्फमधली मोठी नावं झाली. पण १९२७ मध्ये कॅडींच्या ख्रिसमस स्पर्धेत जिंकला तो नेल्सन.

दहा वर्षं नुसती उपासमार

१९३० मध्ये, वयाची १८ वर्षं पूर्ण होण्याआधीच बेन व्यावसायिक खेळाडू झाला. पण पैसे संपायचे आणि तो घरी परतायचा. पुन्हा चार पैसे जमवायचे, पुन्हा बाहेर पडायचं. १९३५ मध्ये व्हॅलरी फॉक्सशी लग्न झालं, तरी परिस्थिती तीच. १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या स्पर्धेच्या वेळी तर जोडप्याकडे १०० डॉलरही उरले नव्हते आणि त्यात गाडीची चाकं चोरीला गेली. त्या स्पर्धेत बक्षिसाची रक्कम मिळाली म्हणून खेळणं सुरू राहिलं.

अडचण कुठे होती? त्याच्या फटक्यात. गोल्फमध्ये त्याला हुक म्हणतात. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू सरळ जाता जाता झपकन डावीकडे वळतो आणि झाडीत नाहीतर पाण्यात जाऊन पडतो. बेनचा हुक इतका वाईट होता की चांगली चाललेली स्पर्धा एका फटक्यात हातची जायची.

मग त्याने एकच ध्यास घेतला. तासन्‌तास, दिवसचे दिवस चेंडू मारायचे आणि अंगाचा कुठला भाग काय करतो ते बघायचं. त्या काळात स्पर्धा संपल्यावरही सरावाला थांबणारे खेळाडू कमीच होते. बेन मात्र अंधार पडेपर्यंत थांबायचा.

कमरेचं गणित नेमकं काय?

गोफण आठवा. दगडाला वेग येतो तो नुसत्या मनगटाने नाही. पाय रोवले जातात, कंबर फिरते, मग खांदा, मग हात आणि सगळ्यात शेवटी दगड सुटतो. गोल्फचा स्विंगही असाच आहे.

क्लब मागे नेताना खांदे साधारण ९० अंश फिरतात, कंबर मात्र त्याच्या निम्मीच. त्यामुळे पाठ आणि पोटाचे स्नायू ताणलेल्या रबरासारखे होतात. आता खरी मेख इथेच आहे. क्लब खाली आणताना सुरुवात हातांनी करायची नाही. आधी डावी कंबर मागच्या बाजूला फिरते, वजन डाव्या पायावर येतं, त्यापाठोपाठ खांदे, मग हात आणि शेवटी क्लब. प्रत्येक टप्प्यावर वेग वाढत जातो.

नवशिके नेमकं उलटं करतात. चेंडू जोरात मारायचा म्हणून खांदे आणि हात आधी फेकतात. कंबर जागेवरच राहते. ताकद वाया जाते आणि दिशाही चुकते.

बेनच्या हुकशीही याचा संबंध होता. फटक्याच्या क्षणी कंबर फिरायची थांबली, की हात एकटेच पुढे पळतात, मनगटं उलटतात आणि क्लबचा चेहरा डावीकडे वळतो. कंबर फिरत राहिली तर हातांना अशी घाई करावी लागत नाही. बेनने क्लबची पकडही बदलली, मनगटाची ठेवणही बदलली. पण या सगळ्याला एकत्र बांधणारी गोष्ट होती कमरेचं फिरणं.

१९४० मध्ये पाइनहर्स्टला त्याने एकट्याच्या नावावरची पहिली मोठी स्पर्धा जिंकली. मधली वर्षं युद्धकाळात हवाई दलात गेली. १९४६ आणि १९४८ मध्ये पीजीए चॅम्पियनशिप, १९४८ मध्येच यूएस ओपन. आता कुठे दिवस पालटले होते.

२ फेब्रुवारी १९४९

त्या सकाळी बेन आणि व्हॅलरी गाडीने घरी निघाले होते. टेक्सासमधल्या व्हॅन हॉर्नजवळ दाट धुकं होतं. समोरून येणारी बस दुसऱ्या गाडीला ओलांडत थेट त्यांच्या लेनमध्ये आली.

बायकोला वाचवायला बेनने स्वतःला तिच्या अंगावर झोकून दिलं. त्याच क्षणी स्टिअरिंगचा दांडा ड्रायव्हरच्या सीटमध्ये घुसला. तो जागेवर असता तर वाचला नसता. व्हॅलरीला फारसं लागलं नाही. बेनच्या कमरेचं हाड दोन ठिकाणी मोडलं, खांद्याजवळचं कॉलरबोन मोडलं, डावा घोटा मोडला, बरगडीलाही मार बसला.

पुढे रक्ताच्या गुठळ्या झाल्या. गुठळी फुप्फुसात गेली तर जीव जाणार होता. न्यू ऑर्लिन्सहून डॉ. ऑल्टन ऑक्सनर विमानाने आले. त्यांनी शरीराच्या खालच्या भागातून हृदयाकडे रक्त नेणारी मुख्य शीरच बांधून टाकली. जीव वाचला, पण पायांचा रक्तपुरवठा कायमचा बिघडला. पाय सुजणं आणि आखडणं जन्माचं मागे लागलं.

बेन पुन्हा चालेल का, हीच शंका होती. गोल्फ तर लांबची गोष्ट.

मेरियनचे ३६ होल

घरी आल्यावर तो आधी खोलीत चालला, मग अंगणात, मग रस्त्यावर. जानेवारी १९५० मध्ये, अपघाताला वर्ष व्हायच्या आत, तो लॉस एंजेलिस ओपनमध्ये उतरला आणि सॅम स्नीडशी बरोबरी साधून प्लेऑफमध्ये हरला.

जून १९५० मध्ये मेरियनला यूएस ओपन होती. शेवटच्या दिवशी ३६ होल, म्हणजे दोन पूर्ण फेऱ्या चालत खेळायच्या. घोट्यापासून मांडीपर्यंत पट्ट्या बांधून बेन उतरला. दुपारच्या फेरीत पाय इतके आखडले की एकदा तो पडता पडता वाचला.

शेवटच्या होलवर प्लेऑफ गाठायला पार हवा होता. बेनने एक नंबरचं लोखंड काढलं. हा क्लब भल्याभल्यांना जमत नाही. चेंडू थेट ग्रीनवर जाऊन थांबला. हाय पेस्किन यांनी मागून टिपलेला त्या फटक्याचा फोटो आजही गोल्फमधला सगळ्यात प्रसिद्ध फोटो मानला जातो. त्या फोटोत बेनची कंबर पूर्ण फिरून लक्ष्याकडे तोंड करून उभी आहे. तीच, १६ महिन्यांपूर्वी मोडलेली.

दुसऱ्या दिवशी प्लेऑफमध्ये बेनने ६९, लॉइड मँग्रमने ७३ आणि जॉर्ज फॅझिओने ७५ फटके घेतले. बेन जिंकला.

नंतर काय?

पाय साथ देत नव्हते, म्हणून तो वर्षाला मोजक्याच स्पर्धा खेळायचा. तरीही १९५३ मध्ये सहापैकी पाच जिंकल्या. त्यात मास्टर्स, यूएस ओपन आणि स्कॉटलंडच्या कार्नोस्टीची ब्रिटिश ओपन होती. तारखा एकमेकींवर आल्यामुळे त्या वर्षी पीजीए त्याला खेळताच आली नाही. एकूण नऊ मेजर त्याच्या नावावर आहेत आणि त्यातल्या सहा अपघातानंतरच्या आहेत.

१९५७ मध्ये त्याने लेखक हर्बर्ट वॉरन विंडसोबत ‘फाइव्ह लेसन्स’ हे पुस्तक काढलं. चेंडूकडे येताना सुरुवात कमरेने करायची, हे त्यात चित्रांसह समजावलं. एक मात्र लक्षात ठेवायला हवं. हा उपाय हुकने हैराण झालेल्या माणसाचा होता. बहुतेक हौशी खेळाडूंचा चेंडू उलट उजवीकडे जातो. त्यामुळे त्याची पकड जशीच्या तशी उचलली तर त्रास वाढू शकतो. शिवाय कंबर इतकी जोरात फिरवली की हात मागेच राहिले, तरी फटका फसतो. कंबर आधी हवी, पण हात तिच्या पाठोपाठ यायला हवेत.

२५ जुलै १९९७ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, फोर्ट वर्थमध्येच बेन होगन गेला. ज्या शहरात त्याने पेपर विकले आणि बॅगा उचलल्या, तेच हे शहर. अपघाताने त्याच्या पायातलं बळ नेलं. पण कंबर कधी आणि कशी फिरवायची, हे त्याने वर्षानुवर्षं घासून शिकलेलं होतं. ते त्याच्याकडेच राहिलं, आणि पुस्तकामुळे पुढच्या पिढ्यांनाही मिळालं.