थरथर थांबवणारा माणूस

समजा, तुम्ही झोपाळ्यावर बसला आहात. मागून कोणीतरी बरोबर वेळेवर हलकासा धक्का देतंय. जोर थोडाच, पण झोका उंच उंच जातो ना? अशाच छोट्या धक्क्यांनी एकेकाळी मोटारीतला जाड पोलादी दांडा तुटायचा! त्यावर उपाय शोधणाऱ्या फ्रेडरिक लँचेस्टर यांची ही गोष्ट.

लँचेस्टर यांचा जन्म १८६८ साली लंडनमध्ये झाला. वडील आर्किटेक्ट होते. १८९५-९६ मध्ये फ्रेडरिक यांनी आपली पहिली मोटार बांधली आणि १८९९ साली भावांबरोबर कंपनी काढली. गाडी थरथरता कामा नये, हा त्यांचा हट्टच होता. गाड्या उत्तम होत्या, पण पैसा कमी पडला. १९०४ साली कंपनी अडचणीत आली. पुढे १९०९ मध्ये ते डेमलर या मोटार कंपनीचे सल्लागार झाले.

तेव्हा सहा सिलिंडरची नवी इंजिनं निघाली होती. त्यांचा क्रँकशाफ्ट, म्हणजे चाकं फिरवणारा मुख्य दांडा, लांब असायचा. प्रत्येक सिलिंडर त्याला धक्का द्यायचा. ओला टॉवेल पिळतो ना, तसा दांडा किंचित पिळला जायचा आणि परत सुटायचा. एका ठरावीक वेगाला धक्क्यांची आणि दांड्याची लय जुळली, की झालं! थरथर वाढत जायची आणि कधी कधी दांडा तुटायचा.

मग दांडा आणखी जाड करायचा का? लँचेस्टर यांनी वेगळीच युक्ती केली. दांड्याच्या पुढच्या टोकाला त्यांनी एक छोटं, जड चाक बसवलं, पण घट्ट नाही! मध्ये चकत्या आणि तेल ठेवलं. दांडा थरथरला, तरी जड चाक आपल्या एकसारख्या वेगाने फिरत राहायचं. मधलं तेल घासलं जायचं, थोडं तापायचं आणि थरथर तिथेच जिरायची. हाच डँपर. हेन्री रॉइस यांनीही त्याच सुमारास असा उपाय शोधला होता, बरं का!

लँचेस्टर यांनी विमानविद्येवरही ग्रंथ लिहिले. पण संशोधनातून त्यांना फारसा पैसा मिळाला नाही. १९४६ साली, आजारपणात आणि तंगीत, ते बर्मिंगहॅममध्ये वारले. त्यांची युक्ती मात्र टिकली. आजही अनेक गाड्यांच्या क्रँकशाफ्टच्या टोकाला डँपर असतो. फक्त तेलाच्या जागी बहुधा रबर असतं.

सांगा पाहू :
१. दांडा का तुटायचा?
२. जड चाक घट्ट बसवलं असतं, तर काय झालं असतं?