कायद्याचे प्राध्यापक बाबासाहेब

राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सारा देश ओळखतो. त्याआधी ते मुंबईत कायदा शिकवत होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. त्यांच्या त्या वाटचालीत आपले बडोदे दोनदा येते. एकदा अभिमान वाटावा असे, एकदा मान खाली जावी असे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. १९१३ मध्ये श्रीमंत सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती देऊन त्यांना अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठवले. परतल्यावर संस्थानची दहा वर्षे नोकरी करावी, असा करार होता. त्यानुसार १९१७ मध्ये ते बडोद्यास आले. पण गावात त्यांना जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले. ओळखीच्यांनीही घरात घेतले नाही. रात्रीच्या गाडीपर्यंतचा वेळ कमाटी बागेत काढून ते मुंबईस निघून गेले.

महाराजांच्या मनात खोट नव्हती. पण राजाचा सद्भाव विश्रामगृहाच्या दारात कामी आला नाही. जागा नाकारणाऱ्याला जाब विचारता येईल असा हक्कच त्यांच्या हाती नव्हता. सद्भाव आणि हक्क यांतले हे अंतर त्यांनी पुस्तकाआधी अंगावर सोसले.

पुढे सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवून पैसे साठवले आणि लंडन गाठले. १९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन ते परतले व मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागले. १९२८ मध्ये ते मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात प्राध्यापक झाले आणि १ जून १९३५ पासून तेथेच प्राचार्य. इंग्लंडच्या राज्यघटनेवर त्यांनी विद्यार्थ्यांना दिलेली व्याख्याने पुढे त्यांच्या समग्र लेखनात छापली गेली. १९३५ च्या कायद्यातील संघराज्य योजनेची त्यांनी जानेवारी १९३९ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतील व्याख्यानात कसून चिकित्सा केली.

२९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. आक्षेप घेणाऱ्या सभासदांना ते कलमामागचा हेतू मुद्देसूद समजावून देत. त्यात मुरलेला शिक्षक दिसे. सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. पंधराव्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांची दारे जातीच्या कारणाने कोणाला बंद करता येणार नाहीत, असे ठरवले. हे कलम वाचताना बडोदेकराला ते विश्रामगृह आठवल्यावाचून राहत नाही. हक्क डावलला गेल्यास थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागता यावी, यासाठीचे बत्तिसावे कलम बाबासाहेबांना सर्वांत मोलाचे वाटे. दाद मागता येत नसेल, तर हक्क केवळ कागदावर राहतो, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

२६ नोव्हेंबर १९४९ रोजी ३९५ कलमांची घटना स्वीकारली गेली. आदल्या दिवशीच्या भाषणात त्यांनी बजावले होते, की मतपेटीपुढे सारे समान आणि समाजात मात्र उच्चनीच, ही विसंगती फार काळ टिकली तर लोकशाहीच धोक्यात येईल. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

विश्रामगृहाचे दार कायद्याने उघडले. घर भाड्याने देताना आपण आधी आडनाव विचारतो की नाही, हे मात्र कोणत्याही कलमापेक्षा आपल्यावरच अधिक अवलंबून आहे.