कोपरातल्या नसेचा माग काढणारा डॉक्टर

बेंचवर कोपर आपटलं की करंगळीपर्यंत करंट जातो ना, तो हाडाचा नसतो. कोपराच्या आतल्या बाजूला कातडीखालूनच जाणाऱ्या अल्नर नसेचा तो झटका असतो. ही नस कायमची बाद झाली तर? डॉ. पॉल ब्रँड यांनी असे हजारो हात पाहिले. कुठे? आपल्या शिरवळवरून जाणारा ४८ नंबरचा हायवे पुढे वेल्लोरला जातो, तिथे.

ब्रँड १९१४ मध्ये तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात मिशनरी घरात जन्मले. शिक्षणासाठी इंग्लंडला गेले आणि शाळा संपल्यावर चक्क सुतारकाम, गवंडीकाम शिकले. डॉक्टरकी नंतर. १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात सर्जन म्हणून आले.

कुष्ठरोगात मांस सडतं आणि बोटं झडतात, असं तेव्हा डॉक्टरही मानायचे. चेंगलपट्टूच्या कुष्ठरोग केंद्रात ब्रँडनी एका रुग्णाच्या वाकड्या, पंजा झालेल्या हातात आपला हात दिला आणि दाबायला सांगितलं. पकड इतकी जबर की त्यांनाच कळ आली. म्हणजे या हातातले सगळे स्नायू मेलेले नव्हते! मग कोणते मेले आणि कोणते जिवंत, याचा शोध सुरू झाला. एकेक बोट हलवायला लावायचं, टाचणी टोचून बघायचं. त्यातून एक नमुना दिसला. अल्नर नस कोपराच्या जरा वर सुजते, मिडियन नस मनगटाच्या जरा वर. नस कातडीजवळ येते तिथेच घाव. मिडियनचे कोपराजवळ फुटणारे फाटे वाचतात, त्यामुळे कोपर ते मनगट यामधले बरेच स्नायू शाबूत राहतात. ब्रँडनी त्यातलाच एखादा चांगला स्नायुबंध काढून बोटांना जोडला. नंतर कित्येक आठवडे व्यायाम. बोटं सरळ व्हायला लागली.

स्पर्श मात्र परत येत नव्हता. एका मुलाने गंजलेलं कुलूप किल्ली पिरगाळून उघडलं आणि बोट हाडापर्यंत कापलं, तरी त्याला पत्ताच नाही. रात्री उंदीर बोटं कुरतडायचे. बोटं रोगाने झडत नव्हती, दुखत नसल्यामुळे जात होती. म्हणून रोज रात्री हात तपासायची सवय लावली.

आणखी एक अडचण कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. हात सरळ झाल्यावर काहींना भीक मिळेना आणि कामही कोणी देईना. मग त्यांच्यासाठी सुतारकामाची शाळा निघाली. ब्रँडची जुनी विद्या इथे कामाला आली.

एकदा लंडनमध्ये रात्री त्यांना आपलीच टाच बधिर लागली. टाचणी टोचली, काहीच नाही. आपल्यालाही कुष्ठरोग झाला, या विचारात रात्र गेली. सकाळी पुन्हा टोचली आणि कळ आली. ट्रेनमध्ये बराच वेळ बसून नस दबली होती, एवढंच! दुखलं म्हणून इतका खूश झालेला माणूस विरळाच.

१९६६ मध्ये ते अमेरिकेतल्या कारव्हिल इथे गेले. तिथे हीच समज डायबेटिसवाल्यांच्या बधिर पायांसाठी वापरली गेली. २००३ मध्ये ते वारले. आता कुष्ठरोगाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला की लगेच दाखवायचं, नस जायच्या आधी.