वाऱ्याचे दिवस मोजणारे इब्न माजिद

सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या पावसाळ्याच्या तोंडावर बंद होतात, तेव्हा मालवणात कुणी कारण विचारत नाही. नैऋत्येचा वारा कुरटे बेटाभोवतीच्या खडकांवर लाटा आपटू लागला की समोर दिसणारा किल्लाही दूर जातो. समुद्र कधी उघडतो आणि कधी मिटतो, ही विद्या शिस्तीने लिहून ठेवणाऱ्यांत अरब दर्यावर्दी अहमद इब्न माजिद यांचे नाव फार मोठे आहे.

पंधराव्या शतकात आजच्या रास अल खैमाजवळच्या जुल्फार बंदरातील घराण्यात ते वाढले. आजोबा आणि वडील दोघेही मुअल्लिम, म्हणजे जहाजाला वाट दाखवणारे. वडिलांनी तांबड्या समुद्रावर हजाराहून अधिक बैतांचे काव्य रचले होते. इब्न माजिद यांनी त्याचा मान राखला, पण अनुभवाला न पटलेल्या गोष्टी दुरुस्तही केल्या. बापाच्या शब्दापेक्षा गलबतावरच्या माणसांचा जीव त्यांना मोठा वाटला.

त्यांनीही बरेचसे लेखन पद्यातच केले. पाठ असलेली विद्या भर समुद्रात कामी येते. १४९० च्या सुमारास त्यांचा ‘किताब अल-फवाइद’ हा गद्य ग्रंथ पूर्ण झाला. दोरी बांधलेल्या लाकडी फळीने ध्रुवताऱ्याची उंची बोटांत कशी मोजावी, पाण्याचा रंग, पक्षी आणि समुद्रसाप पाहून किनारा जवळ आल्याचे कसे ओळखावे, हे सारे त्यात येते.

त्यांच्या विद्येतील एक गोष्ट रमजानमध्ये विशेष आठवावी अशी आहे. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचे. म्हणून रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस मागे सरकतो आणि सगळ्या ऋतूंतून फिरतो. वारा मात्र सूर्याच्या चालीने येतो. रोजे चंद्र पाहून धरायचे; शीड उभारायचे ते नैरोजपासूनचे दिवस मोजून. भरतीसाठी पुन्हा चंद्रच: अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. दोन्ही हिशेब एकाच माणसाने सांभाळले. शेजारची नारळी पौर्णिमाही चंद्राचीच. अधिक मास तिला ऋतूपासून फार दूर जाऊ देत नाही.

अरबस्तानातून हिंदुस्थानकडे यायचे तर नैऋत्य वाऱ्याच्या आरंभी किंवा तो ओसरताना, मधले सुमारे तीन महिने नाही, असा त्यांचा नियम. उशिरा निघालेले गलबत वारा थेट किनाऱ्यावर ढकलतो आणि बंदराच्या तोंडाशी लाटा फुटत असतात.

हा नियम किती खरा, ते १४९८ मध्ये दिसले. वास्को द गामा २४ एप्रिलला मालिंदीहून निघाला आणि जाणत्या वाटाड्यामुळे चार आठवड्यांच्या आत कालिकतला पोहोचला. परतताना ५ ऑक्टोबरला, उत्तरेचा वारा धरण्याआधीच, कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून त्याने शिडे उभारली. आफ्रिकेचा किनारा दिसायला जवळजवळ तीन महिने लागले आणि सुमारे तीस खलाशी रोगाने दगावले.

तो वाटाड्या इब्न माजिदच होते, असा बोल पुढे सोळाव्या शतकातील एका अरबी इतिहासग्रंथाने त्यांच्यावर ठेवला. नशेत त्यांनी वाट दाखवली, असेही त्यात लिहिले. पोर्तुगीज नोंदींत मात्र तो वाटाड्या गुजरातचा मुसलमान आहे. आजचे अभ्यासक हा आरोप मानत नाहीत, तरी तो शालेय गप्पांपासून पर्यटकांच्या माहितीपर्यंत अजून फिरतो. आयुष्यभर इतरांची जहाजे सुखरूप पोहोचवणाऱ्याच्या वाट्याला हे यावे!

१५०० नंतर लवकरच त्यांचे निधन झाले असावे. त्यांच्या काव्यांत जगातल्या कोणत्याही ठिकाणाहून ताऱ्यांच्या आधाराने किब्ल्याची दिशा शोधण्यावरही एक काव्य आहे. बंदराकडे नेणारे तारेच नमाजाची दिशा दाखवत. त्या दर्याची आठवण कोकणच्या बोलीतही उरली आहे: मौसमचा मोसम झाला, नाखुदाचा नाखवा.