भास्कराचार्य आणि भावित

भास्कराचार्यांच्या चरित्राची मुख्य साधने दोन : ग्रंथान्ती त्यांनी स्वतः दिलेला परिचय आणि खानदेशात चाळीसगावनजीकच्या पाटण येथील शिलालेख. शके १०३६ (इ. स. १११४) मध्ये जन्म, गोत्र शाण्डिल्य, सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जडविड हे गाव, पिता महेश्वर हेच गुरू, आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, 'सिद्धांतशिरोमणि'. इतकेच ते सांगतात. लीलावती नावाची कन्या, घटिकापात्रात अडकलेला मोती आणि हुकलेला मुहूर्त ही कथा आली ती फैजीच्या १५८७ च्या फार्सी अनुवादाच्या प्रस्तावनेतून. चार शतकांनंतरच्या या कथेला चरित्र म्हणता येत नाही. शिवाय तिच्यामुळे 'लीलावती' घरोघर पोहोचली आणि 'बीजगणित' मागे राहिले, हे नुकसान लहान नव्हे.

या ग्रंथात पहिली अज्ञात राशी यावत्तावत्. पुढच्या राशींना काळक, नीलक, पीतक, लोहितक अशी रंगांची नावे, आणि त्यांची आद्याक्षरे हीच चिन्हे. दोन अज्ञातांचा गुणाकार म्हणजे भावित. त्यातील एक उदाहरण असे : एका राशीची चौपट, दुसरीची तिप्पट आणि वर दोन, यांची बेरीज त्या दोन राशींच्या गुणाकाराएवढी आहे. एका राशीला हवी ती किंमत देऊन दुसरी काढावी, हा मार्ग आचार्य प्रथम देतात. नंतर अल्प श्रमाचा दुसरा. पहिल्याने भावित नाहीसे होते, दुसऱ्याने त्याचे अवयव पडतात. आणि खरे बीजगणित या दुसऱ्यातच आहे.

त्याची उपपत्ती ते आकृतीने देतात. दोन राशी म्हणजे आयताच्या दोन बाजू. चौपट आणि तिप्पट या त्यातून कापलेल्या दोन पट्ट्या. त्या एकमेकींवर येतात तो कोपरा तीन गुणिले चार, म्हणजे बाराचा. तो दोनांत मिळवला की उरलेल्या लहान आयताचे क्षेत्रफळ चौदा. पहिल्या राशीतून तीन आणि दुसरीतून चार वजा केल्यावर उरणाऱ्यांचा हा गुणाकार. चौदाचे अवयव १ व १४ किंवा २ व ७. म्हणून राशी ४ व १८, १७ व ५, ५ व ११, १० व ६. आकृती ज्यांना उमगत नाही त्यांच्यासाठी आचार्यांनी राशिगत उपपत्तीही दिली आहे.

वर्गसमीकरणाची रीत ते श्रीधराचार्यांच्या नावे देतात. श्रीधरांचे बीजगणित लुप्त झाले. रीत वाचली ती या उल्लेखामुळे. वानरांच्या कळपाच्या एका उदाहरणात उत्तरे ५० आणि ५ निघतात. कळपाच्या पंचमांशातून तीन वजा करायचे असल्याने पाच घेतले तर बाकी ऋण येते, आणि ते लोकांना रुचणार नाही म्हणून आचार्य पाच हे उत्तर सोडून देतात. एरवी निर्भय असलेली ही बुद्धी येथे लोकव्यवहारापाशी थांबली.

११८३ मधील 'करणकुतूहल' हा उत्तरवयातील ग्रंथ. पुढचे सांगतो तो पाटणचा लेख, जो एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजींनी उजेडात आणला. पुत्र लक्ष्मीधरास यादव राजा जैत्रपालाने बोलावून नेले. सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी असलेल्या नातू चांगदेवाने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटणास मठ स्थापिला. शके ११२८ च्या या लेखाचा मुख्य भाग संस्कृत आहे. मठाला मिळालेल्या दानांची नोंद करणाऱ्या शेवटच्या ओळी मात्र मराठीत आहेत.